एन. डी. पाटील : नावाआधीचे ‘प्रा.’ साठ वर्षे कसे टिकले?

धागाकर्ता : जुनी वही

नारायण ज्ञानदेव पाटील, म्हणजे आपल्या सर्वांचे एन. डी. पाटील, यांचे नाव मराठी वर्तमानपत्रांत नुसते छापलेले क्वचितच आढळते. ते आमदार होते तेव्हा, सहकारमंत्री होते तेव्हा, मोर्च्याच्या अग्रभागी होते तेव्हा, आणि १७ जानेवारी २०२२ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले त्या दिवशीही, बातमीत ‘प्रा. एन. डी. पाटील’ असेच होते. पक्षातले कार्यकर्ते शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) रिवाजाप्रमाणे त्यांना ‘भाई’ म्हणत, रयत शिक्षण संस्थेतले लोक ‘सर’ म्हणत. छापील नावाला मात्र प्राध्यापकीच चिकटून राहिली. गंमत अशी की, प्रत्यक्ष वर्गात उभे राहून शिकवण्याची त्यांची वर्षे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतली वर्षे मोजली तर ती २३ भरतात. मग ‘माजी आमदार’ किंवा ‘माजी मंत्री’ ही बिरुदे मागे पडून ‘प्रा.’ का उरले, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. त्यासाठी त्यांच्या आयुष्याचा आलेख थोडा सविस्तर मांडतो.

त्यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा, वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावचा. घर शेतकऱ्याचे, आणि घरात शिक्षणाची परंपरा नव्हती. तो तालुका म्हणजे पत्री सरकारचा (इंग्रज राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा) मुलूख. त्यामुळे वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी राजकारण ही वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट नसून शिवारात घडणारी गोष्ट आहे, हे त्या पिढीतल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नव्हते. शेतकरी कामगार पक्ष नुकताच आकाराला येत असताना, १९४८ मध्ये, ते त्या पक्षात गेले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले. पक्ष वाढला तेव्हाही राहिले, ओसरला तेव्हाही राहिले.

अर्थशास्त्रात एम. ए. करून ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५४ ते १९५७ हा तो काळ. हे कॉलेज इतर कॉलेजांसारखे नव्हते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, हे कॉलेज काढले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य तिथे भिंतीवर रंगवण्यापुरते नव्हते. ज्या मुलाकडे फी आणि जेवणखर्चाला पैसे नाहीत त्याने रोज ठरावीक तास अंगमेहनतीचे काम करायचे, आणि त्या कामाच्या बदल्यात त्याचा खर्च भागवायचा, ही ‘कमवा व शिका’ योजना. प्राध्यापक पाटील नुसते तास घेऊन घरी जाणारे नव्हते, तर या योजनेचे आणि वसतिगृहाचे प्रमुखही होते. म्हणजे सकाळी ज्या मुलाच्या हातात कुदळ दिली त्यालाच दुपारी मागणी-पुरवठ्याचे नियम शिकवायचे. अर्थशास्त्र शिकवण्याची याहून चांगली प्रयोगशाळा मला तरी सुचत नाही.

१९५७ मध्ये ते मुंबई गिरणी कामगार युनियनचे चिटणीस झाले. तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा ऐन भराचा काळ. साताऱ्यातल्या वसतिगृहात शेतकऱ्यांची मुले पाहिलेला माणूस गिरणगावात त्याच शेतकऱ्यांचे थोरले भाऊ आणि चुलते पाहत होता. फरक एवढाच की, इथे ते साच्यावर उभे होते. १९५९ मध्ये कर्मवीरांचे निधन झाले आणि त्याच वर्षी एन. डी. रयतच्या मॅनेजिंग कौन्सिलवर आले. १९६० मध्ये इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले, आणि त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सदस्य झाले.

इथून पुढे त्यांचे संसदीय आयुष्य सुरू होते. विधान परिषदेत १९६० ते ६६, १९७० ते ७६ आणि १९७६ ते ८२ अशा तीन मुदती. १९७८ ते ८० या काळात पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री. १९८५ ते ९० कोल्हापूरमधून विधानसभेचे सदस्य. आमदारकीच्या पहिल्याच मुदतीत शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले तेव्हा पहिल्या सिनेटवर ते होते, आणि पुढे सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेचे अधिष्ठाताही झाले. एक तपशील मला विशेष आवडतो : एलएल. बी. ही पदवी त्यांनी १९६२ मध्ये मिळवली, म्हणजे आमदार झाल्यानंतर. कायदे करणाऱ्या सभागृहात बसल्यावर कायदा शिकायला जाणारा माणूस एक तर फार भाबडा असला पाहिजे किंवा फार गंभीर. ते भाबडे नव्हते.

माझा मुद्दा असा आहे की, त्यांनी प्राध्यापकी सोडली नाही, फक्त वर्ग बदलला. विधान परिषदेच्या अधिकारांकडे पाहिले तर हे जास्त स्पष्ट होते. घटनेप्रमाणे परिषदेला सर्वसाधारण विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना, एवढेच रोखून धरता येते. धनविधेयक तर १४ दिवसांतच परत करावे लागते. सरकार पाडण्याचा अधिकार तिला नाही. अशा सभागृहात विरोधी बाकावर, त्यातही लहान पक्षाच्या बाकावर बसणाऱ्याच्या हाती उरते ते काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा, आणि समोरच्याला पटेल असे बोलणे. ही सगळी शिक्षकाचीच अवजारे आहेत. मतांच्या बळावर जिथे काहीच घडवता येत नाही, तिथे मुद्दा नीट समजावून सांगणे हे एकमेव बळ उरते, आणि त्यासाठी आधी तो मुद्दा आपल्याला समजलेला असावा लागतो. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा, रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. हे दोन्ही कायदे झाले तेव्हा ते परिषदेत होते, आणि रोजगार हमीची कल्पना रुजवणारे वि. स. पागे त्याच परिषदेचे सभापती होते. त्या काळच्या परिषदेचा दर्जा हा एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः रयतमध्ये शिकलेल्या किंवा शिकवलेल्या मंडळींनी.

खडू-फळा

लेख आवडला. चाळीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेला आणि आता निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक म्हणून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण अशा चर्चांमध्ये ‘शिक्षक आमदार’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. धागाकर्त्यांनी तो वापरलेला नाही, याबद्दल त्यांचे आभार.

आपल्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, १२ राज्यपालनियुक्त असतात, आणि सात पदवीधर व सात शिक्षक मतदारसंघांतून येतात. शिक्षक मतदारसंघात मत कोणाला? माध्यमिक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या शिक्षण संस्थेत मागच्या सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षे शिकवलेल्यांना. म्हणजे पहिलीच्या पोराचा हात धरून ‘ग’ गिरवून घेणाऱ्याला तिथे मत नाही. दुसरीकडे, त्या मतदारसंघातून उभे राहणारा उमेदवार स्वतः शिक्षक असलाच पाहिजे अशी अट घटनेत कुठेही नाही. मतदार शिक्षक हवा, उमेदवार नसला तरी चालतो. त्यामुळे शिक्षक मतदारसंघातून आलेला प्रत्येक आमदार शिक्षक नसतो, आणि आमदार झालेला प्रत्येक शिक्षक त्या मतदारसंघातून येत नाही.

हे सांगायचे कारण असे की, शिक्षकांचे प्रतिनिधित्व बहुतेक वेळा वेतनश्रेणी, निवड श्रेणी, जुनी पेन्शन आणि अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन यांच्या पलीकडे जात नाही. हे प्रश्न खोटे नाहीत. मी स्वतः त्यांसाठी मोर्च्यात चाललो आहे. पण एन. डी. सरांचे वेगळेपण हे की, त्यांनी शिक्षकांचा प्रश्न शिक्षणाच्या प्रश्नातून आणि शिक्षणाचा प्रश्न शेतीच्या प्रश्नातून सुटा केला नाही. ज्याच्या शेतमालाला भाव नाही त्याची मुलगी सातवीनंतर शाळेत येत नाही, हे आम्ही हजेरीपटावर पाहत होतो. ते सभागृहात मांडणारा माणूस लागतो.

तारांकित

विधान परिषदेच्या त्या काळाचा उल्लेख झालाच आहे, तर दुसऱ्या एका प्राध्यापकाचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ग. प्र. प्रधान. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सुमारे वीस वर्षे इंग्रजी शिकवले, १९६६ मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघातून परिषदेत आले आणि सलग अठरा वर्षे तिथे राहिले. आणीबाणीत ते तुरुंगात होते. १९८० ते ८२ या काळात परिषदेचे विरोधी पक्षनेते होते. १९८४ नंतर निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला होऊन त्यांनी ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन केले. त्यांनाही लोक शेवटपर्यंत ‘प्रधान मास्तर’च म्हणत.

म्हणजे १९७० ते ८२ ही बारा वर्षे दोन मास्तर एकाच सभागृहात होते, एक समाजवादी, एक शेकापचा मार्क्सवादी. दोघांची घडण किती वेगळी! प्रधान मास्तर पुण्याच्या मध्यमवर्गात आणि राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले, पाटील कृष्णेच्या खोऱ्यातल्या शेतकरी घरातले. प्रधानांचा बाज साहित्याच्या प्राध्यापकाचा, समोरच्याच्या मनाला हात घालणारा. पाटलांचा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा, एकेक आकडा समोर ठेवत कोंडीत पकडणारा. मला व्यक्तिशः प्रधान मास्तर जास्त जवळचे वाटतात, पण मंत्र्याच्या जागी मी असतो तर मला भीती पाटलांचीच वाटली असती.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी थोडे वेगळे देईन. त्या पिढीत प्राध्यापक या शब्दाला समाजात आमदारापेक्षा वरचे स्थान होते. त्यामुळे आमदार झाल्यावरही जुनी पदवी सोडण्यात कोणालाच फायदा नव्हता. ‘प्रा.’ टिकले यात माणसाइतकाच काळाचाही वाटा आहे.

काळी माती

सगळे चांगलेच लिहीत आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. आदर कमी आहे म्हणून नाही, तर एन. डी. पाटील यांच्यासारख्या माणसाचे मूल्यमापन करताना हातचे राखून लिहिणे हाच त्यांचा अपमान होईल म्हणून.

पहिली गोष्ट. शिक्षणाच्या बाजारीकरणाला त्यांचा कडाडून विरोध होता. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, आणि राज्यात साखर कारखान्यांच्या शेजारी इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहू लागली. पण त्याच १९८३ मध्ये साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेनेही आपले अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, आणि तेव्हा पाटील रयतच्या मॅनेजिंग कौन्सिलवर होते. ज्या धोरणाला आपण विरोध करतो त्याच धोरणाखाली आपली संस्था कॉलेज काढते, याची संगती कशी लावायची?

दुसरी गोष्ट. १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या लोकशाही आघाडीचे सरकार आले, शेकाप त्यात होता, आणि आघाडीच्या समन्वयाचे निमंत्रकपद पाटील यांच्याकडे होते. ‘कायम विनाअनुदानित’ (म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणारी शाळा-कॉलेजे) हा शब्दप्रयोग याच सरकारच्या काळात रूढ झाला, ज्याने पुढे हजारो शिक्षकांची उमेदीची वर्षे बिनपगारी किंवा अर्ध्या पगारावर घालवली. २००२ मध्ये शेकाप सरकारातून बाहेर पडला, पण तो या प्रश्नावर नव्हे.

तिसरी गोष्ट, आणि ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. त्यांनी जिंकलेले बहुतेक लढे सभागृहाबाहेरचे आहेत, आणि तेही आमदारकी संपल्यानंतरचे. मग विधिमंडळातल्या २३ वर्षांचे नेमके फलित काय?

जुनी वही (धागाकर्ता)

काळी माती, प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. असाच प्रतिसाद हवा होता.

अभियांत्रिकी महाविद्यालयाबाबतची विसंगती मी नाकारत नाही. संस्था चालवणारा आणि धोरणावर टीका करणारा हे एकाच देहात राहतात तेव्हा ही ओढाताण अटळ असते. रयतच्या मुलांनी, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांनी, इंजिनिअर व्हायचेच नाही का, असा प्रश्न मॅनेजिंग कौन्सिलसमोर आला असणार, हा माझा अंदाज आहे. आणि त्याला नाही असे उत्तर देणे साताऱ्यात बसून सोपे नव्हते. पण हे समर्थन पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. लोकशाही आघाडीच्या काळाबद्दलचा तुमचा आक्षेप मला अधिक बोचतो, आणि त्यावर माझ्यापाशी चांगले उत्तर नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. सभागृहात आणि रस्त्यावर असे दोन कप्पे करून त्यांच्या कामाकडे पाहता येत नाही. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध करताना वीज खरेदी कराराची कलमे वाचून त्यांतला बोजा सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगावा लागत होता. रायगडमधल्या महामुंबई सेझविरुद्धच्या (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या) लढ्यात भूसंपादनाच्या नोटिसा, हरकतींची मुदत आणि पाटबंधारे प्रकल्पाचे लाभक्षेत्र हे सगळे गावोगाव समजावून सांगावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला, तो त्यातूनच. सरकारी कागद कसा वाचायचा, त्यात पळवाट कुठे ठेवलेली असते आणि कोणत्या टेबलावर प्रश्न विचारला की उत्तर द्यावेच लागते, हे ज्ञान २३ वर्षांच्या आमदारकीतून आलेले होते. समजावून सांगण्याची हातोटी त्याआधीची, साताऱ्याच्या वर्गातली होती.

पाणंद

‘कमवा व शिका’मधून शिकलेल्यांपैकी मी एक आहे. माझा काळ एन. डी. सर रयतचे चेअरमन झाल्यानंतरचा, म्हणजे १९९० नंतरचा. सर १९९० ते २००८ अशी अठरा वर्षे चेअरमन होते, पण आम्हा मुलांच्या दृष्टीने चेअरमन म्हणजे वर्धापनदिनाला लांबून दिसणारी व्यक्ती. त्यामुळे आठवणी सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. योजनेविषयी मात्र सांगू शकतो, कारण धाग्यात ती थोडी रम्य होऊन आली आहे.

कामाचे तास रोजचे असत आणि त्यांची नोंद वहीत होई. बागेतले काम, झाडलोट, भोजनगृहातले काम, ग्रंथालयातले काम. ग्रंथालयाचे काम मिळावे म्हणून आमच्यात चुरस असे, कारण सावली असे आणि पुस्तके हाताशी असत. श्रमाने माणूस घडतो हे खरे, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तण काढताना ते पटत नाही. घरून पैसे येणारी मुले त्या वेळी अभ्यास करत असायची. हा फरक डोळ्यांना दिसायचा आणि मनात राहायचा. मला वाटते, कर्मवीरांना आणि त्यांच्यानंतरच्यांना हा फरक ठाऊक होता. म्हणूनच वसतिगृहाचा प्रमुख कोण असावा याला एवढे महत्त्व होते. तिथे कडक माणूस चालत असे, तुच्छतेने वागणारा चालत नसे. सातारच्या वसतिगृहातली ती तीन वर्षे एन. डी. सरांच्या पुढच्या साठ वर्षांना पुरली असतील, तर मला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

खडू-फळा सरांनी लिहिलेल्या हजेरीपटाच्या मुद्द्याला अनुमोदन.

उंबरा

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, तो करते. एन. डी. पाटील यांच्या पत्नी सरोज पाटील, ज्यांना सगळे ‘माई’ म्हणतात, या शरद पवार यांच्या भगिनी. पुलोद सरकारचे मुख्यमंत्री पवार होते आणि सहकारमंत्री पाटील. सहकार खाते महाराष्ट्रात काय असते हे सांगायला नको : साखर कारखाने, जिल्हा बँका, सूतगिरण्या, खरेदी-विक्री संघ, म्हणजे ग्रामीण सत्तेची तिजोरीच. मुख्यमंत्र्यांचा मेहुणा त्या खात्याचा मंत्री, हे चित्र दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असते तर त्यातून काय काय उभे राहिले असते याची कल्पना करावी. इथे काहीच उभे राहिले नाही. एकही कारखाना नाही, एकही बँक नाही. जुलै १९७८ मध्ये आलेले ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले आणि मंत्रीपद संपले.

पुढे एन्रॉनच्या प्रश्नावर आणि सेझच्या प्रश्नावर ते पवारांच्या धोरणाच्या थेट विरोधात उभे राहिले, आणि त्याच काळात रयतचे अध्यक्ष पवार व चेअरमन पाटील अशी रचना होती. संस्थेच्या बैठकीत एका टेबलावर आणि राजकारणात समोरासमोर. हे दोघांच्याही खात्यावर जमा करायला हवे. नात्यागोत्यांच्या राजकारणाला आपण सगळेच नावे ठेवतो, पण नाते असूनही मतभेद जाहीरपणे आणि सभ्यपणे कसे मांडावेत याचे उदाहरण मराठी माणसाने दूर शोधायला जायचे कारण नाही.

आणखी एक. सत्तरच्या दशकात इस्लामपुरात शेतकऱ्यांच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात मेलेल्यांमध्ये त्यांचा सख्खा पुतण्याही होता. घरातले माणूस गमावल्यानंतर त्यांनी लढ्याची भाषा अधिक भडक केली नाही. मला हे फार मोठे वाटते, पण त्यावर अधिक लिहिणे योग्य वाटत नाही.

तारांकित

उंबरा यांच्या प्रतिसादाला पूरक. पक्षातून बाहेर पडून मंत्रीपदे मिळवण्याची संधी शेकापच्या अनेक नेत्यांनी साधली. साठ आणि सत्तरच्या दशकांत तो पक्ष जवळपास काँग्रेसला नेते पुरवणारी शाळाच झाला होता. एन. डी. पाटील पक्षाचे दीर्घकाळ सरचिटणीस होते, त्यामुळे एकेक विद्यार्थी वर्ग सोडून जाताना त्यांनी सर्वांत जवळून पाहिला. काळी माती यांनी फलित विचारले होते. पक्षबांधणीच्या बाबतीत ते फार दिसत नाही, हे मान्य करावे लागेल. चांगला शिक्षक चांगला संघटक असतोच असे नाही. संघटकाला कधी कधी अर्धवट पटलेल्या माणसालाही बरोबर घ्यावे लागते, शिक्षकाला तसे चालत नाही.

काळी माती

‘अर्धवट पटलेला माणूस’ हा मुद्दा मान्य. पण कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात त्यांनी नेमके हेच केले होते, हे लक्षात घ्यावे. रस्ते बांधणीच्या बदल्यात शहराच्या नाक्यांवर टोल बसवला गेला, तेव्हा पाटील ऐंशी ओलांडलेले होते. डाव्यांपासून उजव्यांपर्यंत सगळे पक्ष, तालमी, पेठांमधली मंडळे, रिक्षावाले आणि व्यापारी एका कृती समितीत बसवणे हे काम केवळ व्याख्यानाने होत नाही. गोविंद पानसरेही त्या लढ्यात होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष म्हणून पाटील यांनी २०१३ मध्ये नरेंद्र दाभोलकरांची हत्या पाहिली होतीच. दोन सहकारी असे गेल्यानंतरही ते आंदोलनातून हटले नाहीत, आणि अखेर टोल रद्द झाला. माझे आक्षेप कायम आहेत, पण सभागृहाबाहेरचा माणूस सभागृहातल्या माणसापेक्षा मोठा ठरला हे मी आनंदाने लिहितो. तारांकित यांनी ‘प्रा.’ टिकण्याचे श्रेय काळाला दिले. त्यांच्यानंतर प्राध्यापक असलेले कित्येक आमदार झाले, त्यांच्या नावाआधीची ‘प्रा.’ लाल दिव्यात कधी विरघळली ते कोणाला आठवतही नाही.

सीमेपलीकडून

बेळगावहून लिहितो आहे. वाचनमात्र राहणार होतो, पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून हा प्रतिसाद.

आमच्याकडे एन. डी. पाटील हे नाव मंत्री किंवा आमदार म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. महाराष्ट्रातून आलेले अनेक नेते आमच्या मेळाव्यांत घोषणा देऊन गेले. टाळ्या पडल्या, गाड्या परत गेल्या. पाटील सर आले की भाषण लांबायचे, कारण ते या सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालातली विसंगती उलगडून सांगत : एका ठिकाणी भाषिक बहुसंख्येचा निकष लावला आणि दुसऱ्या ठिकाणी तो का सोडला, खेडे हा घटक धरला तर नकाशा कसा दिसेल, भौगोलिक सलगता म्हणजे काय. तरुणांना ते कंटाळवाणे वाटायचे, मीही त्यांतलाच. पुढे २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्यातले मुद्दे वर्तमानपत्रांत वाचले तेव्हा लक्षात आले की, यातले बरेचसे आपण मैदानावर बसून आधीच ऐकलेले आहे.

सर गेले त्या दिवशी तो दावा प्रलंबित होता. आमच्या गल्लीतल्या फलकावर त्या संध्याकाळी कोणीतरी खडूने दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांतही नावाआधी ‘प्रा.’ होते.